तीनशे वर्षांची म्हातारी

"सुंदर," काचेपलीकडून दिग्दर्शक मिझोबेचा आवाज आला. "पण म्हातारी वाटत नाही हो."

ताझुकोने हातातला कागद खाली केला. "मी शहात्तर वर्षांची आहे, मिझोबे-सान."

"ते दिसतंय. ऐकू येत नाही."

बाकावरचे नट हसले, पण आवाज न करता. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पोटाची गुरगुरसुद्धा माइकला ऐकू जाते.

चार वर्षांनी तिला काम मिळालं होतं. कार्टूनपटातली डोंगरावरची म्हातारी, वय वर्षं तीनशे. अशा म्हातारीचं वाक्य 'जानोऽ'ने संपतं, जसं कार्टूनमधल्या मांजरीचं 'न्याऽ'ने संपतं. हे तोक्योतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तोक्योतली एकही म्हातारी तसं बोलत नाही, हेही त्याला ठाऊक असतं.

"पुन्हा घेऊ."

ताझुकोने डोळे मिटून आईला आठवलं. नव्वदीत वाळत घातलेले मुळे उचलता उचलता आई जशी बोलायची, तशी ती हळूच म्हणाली, "पोरी, वारा डोंगरावरून खाली आलाय. आज होडी काढू नकोस जानोऽ."

पलीकडे कुजबुज झाली.

"शेवटचं ते वरून चिकटवल्यासारखं वाटतंय. नात्सुहो, तू म्हणून दाखव जरा. नुसतं ऐकायला."

नुसतं ऐकायला म्हणजे काय, ते खोलीत सगळ्यांना कळलं. तेवीस वर्षांची नात्सुहो उठली, ताझुकोला कमरेतून वाकून नमस्कार केला आणि माइकसमोर उभी राहिली. तिने तोंड उघडलं मात्र, बिलंदर, तोंडाचं बोळकं झालेली, तीनशे वर्षांची म्हातारी खोलीत आली.

"पाच मिनिटं थांबू," मिझोबे म्हणाला.

बाहेर चहाच्या यंत्रापाशी ताझुकोने तिला गाठलं. "कुणाचं ऐकून शिकलीस गं? आजीचं?"

"आजी?" नात्सुहोला हसू आवरेना. "ती मोटारसायकल उडवते. मलाच म्हणते, म्हातारीसारखी काय बसलीस!" मग ती एकदम ओशाळली. "तुमचंच ऐकून, ताझुको-सान. लहानपणी टीव्हीवर ती जुनी कोल्हीणआजी लागायची ना, तिच्यासारखं बोलले की घरात सगळे हसायचे."

कोल्हीणआजी. तिला आवाज दिला तेव्हा ताझुको सत्तावीस वर्षांची होती. आणि तिने ते उचललं होतं उकोन-सानकडून, जो पांढरी दाढी नसताना दाढीवाल्या ऋषींचे आवाज काढायचा. तो किती वर्षांचा होता? पस्तिशीचा. त्याने कुणाचं ऐकलं होतं? तिने कधी विचारलंच नाही. मग यात म्हातारं माणूस होतं तरी कुठे?

चहा तसाच राहिला.

आत गेल्यावर तिने आईला बाजूला ठेवलं. स्वतःच्या गुडघ्यांना, धापेलाही ठेवलं. ती सत्तावीस वर्षांच्या बाईसारखी ताठ उभी राहिली. कपाळावरचे केस मागे सारायची तेव्हाची लकब हाताला आपोआप आठवली. सारायला तिथे केस नव्हते.

लाल दिवा लागला.

"पोरी! वारा डोंगरावरून खाली आलाय. आज होडी काढू नकोस जानोऽऽ!"

"हीच!" मिझोबे खुर्चीतून उठलाच. "हीच ती! होतात कुठे इतका वेळ?"

काम हातचं गेलं नाही, एवढं ताझुकोला कळलं. ती माइकपासून मागे वळली, तशी नात्सुहो बाकावरून धावत आली आणि तिने आपला हात पुढे केला.

"सावकाश हं, आजी."

ताझुकोने तो धरला. बाक चार पावलांवर होता.