दारावरचा पंजा

भालचंद्ररावांनी कितीही पुसला तरी नव्या गाडीच्या दारावरचा पांढुरका पंजा जाईना. आठवडाभरात शेजारी आणखी तीन उमटले. कोणाची ही खोडी, तेच त्यांना उमगेना.

पॉलिशवाल्याने डागावरून बोट फिरवलं. "काका, हा सनस्क्रीन लावलेला हात आहे. तापलेल्या पत्र्यावर टेकला की रंग खातो. लगेच साबणाच्या पाण्याने धुवायला हवं होतं."

घरात सनस्क्रीन फक्त कुमुदताई लावत. ते तावातावाने वर गेले. "गाडीला कशाला हात लावतेस गं?"

बायको ओशाळली. "अहो, बाजारातून येताना चक्कर येते. जिना चढण्याआधी जरा टेकते. तुम्हाला उगाच घोर नको म्हणून बोलले नाही."

रागवावं की घाबरावं, त्यांना कळेना. त्यांनी तिच्या चपला पुढ्यात ठेवल्या आणि तिचा हात धरून दवाखान्यात जायला एकेक पायरी उतरू लागले.