सीनाकाठची समाधी

मांडी घालून बसलेला सांगाडा कमरेपर्यंत मोकळा झाला आणि सुबोधच्या हातातला ब्रश थांबला.

तो सोलापूरच्या एका पुरातत्त्व मंडळाचा सचिव. वर्षभर मंडळ सीनेकाठचे वीरगळ शोधून, धुऊन, उभे करत होतं. या गावच्या टेकाडावरचा कललेला वीरगळ सरळ करताना शेजारची माती ढासळली आणि हे दिसलं. सांगाड्याच्या तळहातावर इष्टलिंग होतं; लिंगायतांत असंच बसवून पुरतात.

"कुणीतरी मोठे शरण, संत असणार," गावचे ईश्वरप्पा म्हणाले. ऐंशीच्या घरातला, शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांनी चपला काढल्या आणि खड्ड्याच्या कडेला डोकं टेकवलं. मग सगळेच वाकले.

दुपारपर्यंत हार आले, विभूती आली, लाऊडस्पीकर आला. आठशे वर्षांपूर्वीची समाधी, असं कुणीतरी म्हणालं आणि तेच पक्कं झालं. ईश्वरप्पांनी मंदिरासाठी स्वतःची जमीन देऊ केली.

"अजून काही ठरलेलं नाही," सुबोध सांगत राहिला. "उद्या तज्ज्ञ येतील, हाडं तपासायला नेतील." ऐकतंय कोण?

टेकाडाच्या पायथ्याशी महानंदाबाईंचं एका खोलीचं घर. नवरा वारलेला. एकुलती लेक राजेश्वरी फार पूर्वी जातीबाहेर लग्न करून गेली, तेव्हापासून गाव त्यांच्याशी बेतानंच बोलायचं. मंडळाची माणसं आली की त्या आपणहून भाकरी आणि शेंगाचटणी आणून देत. आज सकाळी मात्र त्यांनी सुबोधला वाटेतच अडवलं होतं.

"सर, हितं काय बी न्हाय. दगूड हाय तसा ऱ्हाऊ द्या की."

सुबोध हसून पुढे गेला होता. म्हाताऱ्या माणसांना जुने दगड हलवलेले आवडत नाहीत, हा त्याचा नेहमीचा अनुभव.

भर उन्हात त्या वर आल्या आणि चार काठ्या रोवून सांगाड्यावर आपलं जुनं लुगडं बांधलं. "ऊन लई हाय," एवढंच म्हणाल्या. भाविक बाई, असं सुबोधच्या मनात आलं. त्याला बरं वाटलं.

संध्याकाळी गाव खाली भजनाला बसलं. राखणीला सुबोध एकटाच उरला. महानंदाबाई येऊन शेजारी बसल्या.

"उद्या नेणार व्हय?"

"तपासून परत आणू. किती जुनं आहे ते कळेल. बाई की पुरुष, तेही."

खालून भजन ऐकू येत होतं. ईश्वरप्पांचा आवाज सगळ्यांच्या वर.

"राजेश्वरी परत आलती, सर," त्या हळूच म्हणाल्या. "सालभरानं. लई आजारी हुती. चार दिवसांत गेली. रुद्रभूमीत, आपल्या मसणवट्यात, तिला पुरू देणार न्हाय म्हणून ईश्वरप्पा आडवे उभे ऱ्हायले. तिचा बा त्यांच्या पाया पडला. कुणी हाललं न्हाय."

तेवढ्यात खाली आरती सुरू झाली. विषय बदलावा म्हणून सुबोध म्हणाला, "सगळं गाव पाया पडून गेलं, मावशी. आता गर्दी नाही. तुम्हीही दर्शन घ्या."

महानंदाबाईंनी लुगड्याची सुटलेली गाठ पुन्हा घट्ट केली.

"आईनं लेकीच्या पाया पडू न्हाय, सर."