पंचविसावा थर

लोणावळ्याला हवा खायला येणारे पाहुणे नेहमी विचारत, वरचं तळं जुनं की खालचं? १९४० च्या मे महिन्यात मी जुनी दप्तरं काढून त्याचा निकाल लावायचं ठरवलं.

तळी आटली की नथू कुंभार तिथली माती खणून नेई. तो म्हणाला, "आबा, कागूद कशाला चाळताय? दर पावसाळ्याला गाळाचा एकच थर बसतो. मोजा की."

वरच्या तळ्याचे थर एकोणचाळीस निघाले. दप्तरात सापडलेल्या १९०१ सालाशी ते जुळलं. खालचा बांध १९१६ चा, म्हणजे पावसाळे चोवीस. थर मात्र पंचवीस भरले.

"वाचून वाचून डोळं गेलं तुमचं," नथू हसला.

मी वरून मोजलं, मग खालून मोजलं. पंचवीसच. गेल्या पावसाळ्याच्या थरावर आणखी एक थर होता, इतरांसारखाच वाळून भेगाळलेला. यंदाचा पाऊस तर अजून पडायचा होता.

नथूने त्या वरच्या थरात कुदळ घातली. ढेकळातून चांदीचं कडं निघालं, एका बाजूने चेपलेलं. त्याने ते धोतराला पुसलं आणि आपल्या मनगटातल्या कड्याशेजारी धरलं. तेही नेमकं तिथंच चेपलेलं होतं.

नथूने ते कडं परत ढेकळात दाबलं.

"आबा, तुमी मोजायला चुकलात. नुसतं म्हना की तसं."

जन्मभर मी स्वतःच्या प्रत्येक आकड्यावर शंका घेत आलो. त्या दुपारी मला एकदाही शंका आली नाही.