मापाचे बूट

पोलीस भरतीत पळायला बूट घ्यायचे म्हणून वैजयंता सासूला घेऊन शाहूपुरीतल्या दुकानात आली, आणि तिचं डोकंच उठलं. नंबराचा बूट बोटांना चावत होता, एक नंबर मोठा घातला की टाचेतून निसटत होता.

"माप बरोबर हाय वो, जोडवी आडवी येत्यात. पळताना तेवढी काढा की," दुकानदार वैतागला.

"वा रं शाण्या! माझ्या लेकाच्या नावाची हाईत ती. त्येच्या जिवाला काय झालं म्हंजे?" सासू कडाडली.

वैजयंतानं दातओठ खात नंबराचेच बूट घेतले. भरतीला ती त्याच चावऱ्या बुटांत पळाली, आणि थोडक्यात मागं पडली.

&nbsp;

पुढच्या वर्षी तेच बूट अगदी मापात बसले. ऊर बडवत, सासूनंच तिच्या बोटांतली जोडवी उतरवली होती.