मधात धन, भोवती ऋण

“उतर खाली, रुपा. घरी चाल.”

पवनीच्या शाळेत विज्ञान दिनाचं नाटुकलं ऐन रंगात आलं होतं आणि प्रेक्षकांतून रुपाची आजी सत्यभामाबाई उभ्या राहिल्या होत्या. स्टेजवर कार्बनचा अणू मांडला होता. मधोमध स्टुलांवर मुलं बसली होती, कोणाच्या गळ्यात अधिकची पाटी, कोणाच्या शून्याची. भोवती खडूने आखलेल्या कक्षांतून मुली धावत होत्या. त्यांच्या पाट्यांवर उणे होतं. “प्रोटॉन म्हणजे धन, इलेक्ट्रॉन म्हणजे ऋण,” असं निखाडे सरांनी माइकवर सांगितलं, आणि त्या शेवटच्या शब्दाला आजी उठली.

उण्याची पाटी घालून धावणारी रुपा कक्षेतच थबकली. वर्गातली सगळ्यात हुशार पोर ती, आणि आजीने भर सभेत तिचं असं हसं करावं? पण ऋण म्हणजे कर्ज, एवढं आजीला पक्कं ठाऊक होतं. रुपा जन्मली तेव्हा, तिसरीही पोरगीच, डोक्यावर आणखी एक कर्ज, असं भाऊबंद अंगणात उभे राहून बोलले होते. त्याच दिवशी आजीने गल्लीत घरोघर पेढे वाटले होते.

“पोरींच्या गळ्यात करज बांधून त्याहिले पळवता? लाज नाही वाटत?” आजीने सरांना विचारलं.

आजीले बँकेची नोटीस आली वाटते, असं मागून कोणी बोललं. पटांगण हसलं. सर मात्र चिडले. याचा माणसांशी काडीचा संबंध नाही, अडाण्यासारखं कार्यक्रमात विघ्न आणू नका, असं सुनावून त्यांनी माइक रुपाच्या हाती दिला. तूच समजाव, म्हणाले.

अडाणी हा शब्द रुपाला झोंबला होता. तरी ती अणूबद्दलच बोलली.

“आजी, हे करज नोहे, नुसतं नाव आहे. अणूत धन जेवढे, तेवढेच ऋण लागतात. कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही. याले ऋण म्हटलं, त्याले धन म्हटलं, एवढंच. उलटं केलं असतं तरी चाललं असतं.”

सरांनी खुशीत मान हलवली. आजी बसली नाही. तिने स्टुलांवरच्या मुलांकडे पाहिलं, मग धापा टाकणाऱ्या मुलींकडे.

“चाललं असतं, त मंग केलं काहून नाही?”

कोणी हसलं नाही. रुपा स्टेजवरून उतरली नाही. तिने माइक निखाडे सरांच्या तोंडासमोर धरला.