तिसरं पान

जळकोटात कीर्तन म्हटलं की बुवांच्या मागं टाळाला बिराप्पा ठरलेलाच. मोठ्या लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेला गडी, गळ्यात तुळशीची माळ. अन् त्याच बिराप्पानं सर्वपित्री अमावस्येला, भर दुपारी, ट्रंकेत जपलेली त्या मुलखाची लालभडक कडूगोड दारू गिलासात ओतली, वर गोटीसोडा फोडला आणि संत्र्याची फोड सोडली.

कीर्तनमंडळाचे अंबादासपंत नेमके तेव्हाच अंगणात शिरले.

"माळकरी ना रे तू? आणि आज पितरांच्या दिवशी हे? आधी घराबाहेर काढ ती दारू! नाहीतर संध्याकाळी टाळाला दुसरा गडी उभा करतो."

बिराप्पाचा हात क्षणभर थांबला. त्या टाळाइतकं प्यारं त्याला दुसरं काही नव्हतं. पण गिलास ढवळत तो म्हणाला, "खुशाल करा, पंत. ही न्हाय जायची बाहेर."

"हरणाबाई, तू तरी सांग नवऱ्याला!"

"म्या काय सांगू? सोडा म्याच आणलाय की," हरणाबाई पदर खोचत म्हणाली.

बिराप्पानं गिलासाला ओठही लावला नाही. आत जाऊन, आईबापाच्या नावानं वाढलेल्या दोन पानांशेजारी तिसरं पान होतं, त्यावर तो ठेवला आणि हात जोडले.



"घे, म्हातारे, तुझ्या आवडीचं. जर्मन शिपाई तुझ्या दारात आले, तवा तू तरी मला कुठं घराबाहेर काढलंस?"