कुलपाच्या आतली यादी

शिवांगीनं माऊस साइटच्या नावाशेजारच्या कुलपावर नेला आणि सुदर्शननं मान पुढं काढली.

"लागलं ना आता कुलूप, दादा?"

"लागलं की. दिसून राहिलंय न्हाई का? आता हात नका लावू त्याला."

पावणेअकरा झाले होते. अकराला क्लासचे ऑनलाइन प्रवेश सुरू. हणमंतराव सरांच्या केबिनमध्ये पंखा सोडला तर त्यांची वेबसाइट सांभाळणारा सुदर्शन तेवढा हलत होता. खुर्चीत पुढं, खुर्चीत मागं, एक पाय सारखा नाचवत.

सरांनी प्रवेशासाठी वेबसाइटचं एक नवंकोरं नाव घेतलं होतं आणि त्याची पोस्टरं लातूरभर चिकटवली होती. काल पालकांनी ते नाव टाकलं तर समोर तांबडी पाटी: सावधान, ही साइट सुरक्षित नाही. जुन्या नावाला कुलूप होतं, म्हणजे साइट खरी असल्याचं सर्टिफिकेट; नव्याला ते घालायचं सुदर्शन विसरला होता. म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीनं नांदेडहून येऊन त्यानं ते घातलं. काम झालं होतं. आता सटकायचं, तेवढ्यात चहा आला.

"सर्टिफिकेट म्हणजे कागद असतो का रे?" सरांनी बशीत चहा ओतत विचारलं.

"तसंच समजा सर. त्याच्यावर नाव असलं की कुलूप लागतं."

"मंग बघू की कागद."

"बघण्यासारखं काय न्हाई त्यात. नुसते आकडे."

"आकडेच शिकवून राहिलो चोवीस वर्षं. उघड गं, शिवांगी."

सुदर्शनकडं एका मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर, गिऱ्हाइकांच्या साइटची दहा नावं होती. प्रत्येकाला वेगळा कागद काढता आला असता. पण वेगळा कागद म्हणजे दहा तारखा ध्यानात ठेवा. त्यानं सगळी नावं एकाच कागदावर घातली, एकदाच मुदत वाढवायची, झोपा काढायच्या. आजवर लई सुखाची वाटायची ही युक्ती.

शिवांगीनं तीनदा टिकटिक केलं. यादी उघडली.

"उमरीचं बियाण्याचं दुकान," ती वाचायला लागली. "भोकरचा दातांचा दवाखाना. जळकोटचं मंगल कार्यालय. चौथे आपण, पप्पा."

"दातवाल्याच्या पंगतीला बसवलं व्हय मला?" सर खूश होते.

"सर, चहा गार होऊन राहिला," सुदर्शन म्हणाला. "आन् मॅडम, ते लई वेळ उघडं ठेवलं ना, तर बिघडतं."

"यादी वाचल्यानं?" शिवांगीनं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं आणि बाण आणखी खाली नेला. पाच. सहा. सात.

आठवं नाव तिनं वाचलंच नाही. पडदा बापाकडं वळवला.

सरांनी चष्मा लावला. स्वतः वाचलं. गुरुबसप्पा क्लासेस.

खिडकीतून समोर तीच पाटी दिसत होती, रस्त्याच्या पलीकडं. तीन वर्षांमागं गुरुबसप्पा आणि सर, दोघांचा एकच क्लास होता. फ्लेक्सवर कुणाचा फोटो वर, यावरून फुटला. तेव्हापासून बोलणं बंद. आणि सुदर्शननं दोघांनाही, वेगवेगळं गाठून, छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, त्या दुसऱ्याचं काम मी सोडलं. हे दोन क्लास गेले असते तर उरलेल्यांवर त्याचं दुकान महिनाभरही चाललं नसतं.

"त्याचं करतोस तू?"

सुदर्शनचा पाय थांबला. "हाव, सर."

"ह्याच मशीनवर?"

"हाव."

"माझ्या मांडीला मांडी लावून?"

"पाच मिनिटं द्या सर. त्यांचं नाव काढतो, वेगळा कागद करतो. तुमचा तुम्हाला, त्यांचा त्यांना. आजपासून त्यांचं कामबी बंद. आईशप्पथ." त्यानं आपला लॅपटॉप ओढलासुद्धा.

सर उठले. सुदर्शनला वाटलं, आता कानाखाली. सर त्याला ओलांडून शिवांगीच्या पडद्याजवळ गेले आणि बोट लावून मोजायला लागले, वर्गात हजेरी घ्यावी तसं.

"मी चौथा."

"हाव सर."

"तो आठवा."

"तसं न्हाई सर, मी जसं टाईप केलं तसं ते..."

"आन् हे दहावं?"

"तेबी तुमचंच. नवं नाव. सकाळी घातलं ना, म्हणून शेवटी."

"म्हणजे वरबी मी," सर हळूच म्हणाले, "आन् खालीबी मी."

बाहेर अकरा वाजले. शिवांगीच्या पडद्यावर पहिला अर्ज आला, दुसरा आला, मग धडाधड यायला लागले. सरांनी तिकडं बघितलंही नाही.

"करू का वेगळं, सर? आत्ता करतो."

"येडा का खुळा तू?" सर कडाडले. "वेगळं केल्यावर कुणाच्या वर राहू मी?"

मग ते लेकीकडं वळले. "ह्या पानाचा फोटो काढ. माझ्या दोन्ही नावांना लाल गोल कर. त्याच्या नावाला नको. धाड त्याला."

"पप्पा, तीन वर्षांत तुम्ही गुरुबसप्पा काकांना साधा नमस्कार न्हाई धाडला."

"धाड म्हणतो ना."

शिवांगीनं व्हॉट्सॲपवर धाडला. दोन टिक-खुणा उमटल्या, लगेच निळ्या झाल्या. सर खिडकीतून समोरच्या पाटीकडं बघत उभे राहिले. समोरच्या माडीवर पडदा सरकला.

सुदर्शनच्या खिशात फोन थरथरला. त्यानं काढून गुरुबसप्पांचं नाव बघितलं आणि फोन पालथा टेबलावर ठेवला. फोन थरथरत थरथरत चहाच्या बशीला जाऊन टेकला.

"उचल की," हणमंतराव सर म्हणाले, आणि आपली खुर्ची फरफटत फोनजवळ घेऊन बसले.